नानांच्या गाडीतला बेपत्ता करंट

"माझ्या नजरेतून सुई सुटत नाही, आणि सुटलीच तर दोरा सुटत नाही," असं रागिणीबाई राजंदेकर स्वतःबद्दल सांगत. ऐकायला समोर कोणी असलंच पाहिजे अशी त्यांची अट नव्हती. अकोल्यात जठारपेठेतल्या त्यांच्या फाटकावर संगमरवरी पाटी होती : 'सौ. रागिणी हेमचंद्र राजंदेकर, गुप्तहेर'. गुप्तहेराने अशी पाटी लावू नये, असं एका हितचिंतकाने सुचवलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, पाटी नसेल तर हा हेर गुप्त आहे हे लोकांना कळणार कसं? हितचिंतक बराच वेळ विचार करत फाटकाशी उभा राहिला आणि नंतर त्याने त्या गल्लीतून येणंजाणं बंद केलं.

निवृत्त होईपर्यंत त्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. बाकाखाली लपवलेली कॉपी त्यांना वासावरून कळे. शाळा सुटली, वास घ्यायची सवय सुटली नाही. गेल्या काही वर्षांत त्यांनी गल्लीतली बरीच प्रकरणं हाताळली होती. देवळातून गेलेली चप्पल पुजाऱ्याने शोधून दिली. दुसऱ्याची चप्पल घालून रागिणीबाईच घरी आल्या होत्या. आशाबाईंच्या जास्वंदीची फुलं चोरणारी टोळी त्यांनी शोधून काढत आणली होती, तेवढ्यात त्या टोळीला करडू झालं. पण अशा किरकोळ गोष्टींनी कीर्तीला धक्का लागत नाही, आत्मविश्वासाला तर मुळीच नाही.

त्या हेर होत्या आणि हेमचंद्रराव त्यांचे 'हे'. एवढ्याच पात्रतेवर त्यांची सहायकपदी नेमणूक झाली होती. कृषी विद्यापीठात त्यांनी हयातभर कपाशीवरच्या बोंडअळीचा अभ्यास केला होता. बोंडअळी फार नुकसान करते, पण निदान उलटतपासणी घेत नाही, असं ते कधीकधी मनात म्हणत.

त्या चैत्रातल्या सकाळी जे प्रकरण उभं राहिलं, ते मात्र किरकोळ नव्हतं. ते चार चाकांवर उभं होतं आणि तिथून हलत नव्हतं.

ती गाडी हेमचंद्ररावांच्या वडिलांची, नाना वकिलांची. आकाशी रंगाची, चौकोनी, बॉनेटवर टप्पल मारली तर पातेल्यासारखी वाजणारी. नाना गेले तेव्हा गाडी अकोल्याच्या घरी उभी होती आणि अकोल्याच्या घरात हेमचंद्रराव राहत होते, म्हणून ती त्यांच्याकडे राहिली. थोरले भाऊ वामनराव अमरावतीला असत. तेराव्याला ते म्हणाले की गाडी त्यांना हवी आहे. हेमचंद्ररावांनी विचारलं, काहून? वामनराव म्हणाले, काहून ते विचारू नको. धाकट्याने विचारू नये ते विचारलं होतं आणि थोरल्याने सांगायचं ते सांगितलं नव्हतं. तेवढ्यावरून दोघांचा अबोला पडला, तो कित्येक उन्हाळे टिकला. लग्नाकार्यात समोरासमोर आले की दोघं मांडवाकडे पाहून बोलत.

आता वामनरावांची पंचाहत्तरी आली होती. आमंत्रणाचा फोन मैनावहिनींनी केला आणि ठेवताना म्हणाल्या, "भावजी, तुमी आले तर यांले बरं वाटन. हे म्हणनार नाईत." त्या रात्री जेवताना हेमचंद्ररावांच्या तोंडून निघून गेलं की दादाला गाडीच देऊन टाकू. पोळीवर असताना त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला. भातावर येईपर्यंत पश्चात्ताप झाला होता. पण तोवर रागिणीबाईंनी अमरावतीला फोन लावून कळवलं होतं की पंचाहत्तरीच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन येतो.

तो आदला दिवस उजाडला. बॅगा डिकीत ठेवल्या, बॉनेटला झेंडूचा हार घातला, हेमचंद्ररावांनी नमस्कार करून चावी फिरवली. गाडी खर्रखर्र करत राहिली, पण इंजिन पेटेना. त्यांनी थांबून पुन्हा फिरवली. पुन्हा तेच, जणू कोणी झोपेत कूस बदलून परत घोरावं तसं. पेट्रोल कालच भरलं होतं. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, स्टार्टर फिरत होता. फक्त गाडी सुरू होत नव्हती.

फोन करणं भाग होतं. हेमचंद्ररावांनी बऱ्याच वर्षांनी भावाचा नंबर स्वतः लावला.

"दादा, गाडी चालू होऊन नाई राहिली."

पलीकडून वामनराव म्हणाले, "कालपर्यंत चालू होती?"

"हो."

"अन् आजच बंद पडली."

"हो, आजच."

"बरं," वामनराव म्हणाले आणि फोन ठेवला. त्या 'बरं'मध्ये तेराव्यापासूनचं सगळं होतं. उद्या पंचाहत्तरीला आपण बसने गेलो, तर मांडवात आपल्याकडे कोण कसं पाहील हे हेमचंद्ररावांना आत्ताच दिसायला लागलं.

तेवढ्यात मागून शुद्ध, प्रमाण, पुस्तकी मराठीत आवाज आला, "कोणीही घटनास्थळाला हात लावू नये." रागिणीबाई एरवी चारचौघींसारखं वऱ्हाडी बोलत. त्या प्रमाण भाषेत शिरल्या की घरातल्यांनी समजावं, तपास सुरू झाला आहे.

त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि जाहीर केलं की हा बिघाड नसून घातपात आहे. त्यांचा युक्तिवाद असा होता : गाडी म्हातारी आहे. म्हातारी माणसं एकदम बंद पडत नाहीत, आधी महिनाभर कुरकुर करतात. गाडीने कुरकुर केली नाही. अर्थात तिला बंद पाडण्यात आलं आहे. हेमचंद्ररावांनी नम्रपणे सुचवलं की आपण श्याम मेकॅनिकला बोलावू. त्याला साक्षीदार म्हणून बोलावण्याची परवानगी मिळाली.

पहिला संशय समोरच्या आशाबाईंवर आला. गाडी सुरू झाली की तिचा धूर नेमका आशाबाईंच्या गच्चीवरच्या कुरड्या-पापडांवर जाई आणि दर उन्हाळ्यात त्यावरून दोन घरांमध्ये शब्द होत. हेतू स्पष्ट होता. रागिणीबाई समोर गेल्या आणि चांगल्या लांबलचक उलटतपासणीनंतर परत आल्या. आशाबाईंनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि मग इतकंच विचारलं होतं की गाडी आज कायमची अमरावतीला चालली होती ना? "मंग मी तिले थांबवीन काहून? मी तर ओटी भरून पाठवली असती." या मुद्द्यावर तपास किंचित अडखळला. रागिणीबाईंनी परत येऊन सांगितलं की आशाबाई निर्दोष आहेत, पण मनाने नाहीत.

मग श्याम तायडे आला. त्याने बॉनेट उघडलं, एक प्लग काढला, तो इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरला आणि हेमचंद्ररावांना चावी फिरवायला सांगितलं. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडायला हवी होती, ती पडली नाही. म्हणजे पेट्रोल निर्दोष, दोष ठिणगीचा. ठिणगी बनते ती कॉईलमध्ये, म्हणून त्याने वायर जोडलेला छोटा बल्ब कॉईलला लावून पाहिला. बल्ब लागला नाही.

"काका, कॉईल चांगली हाय," श्याम म्हणाला. "पन कॉईलवर करंटच येऊन नाई राहिला. चावीपासून निघते अन् मधातच कुठं तरी गायब होते."

'गायब' हा शब्द ऐकताच रागिणीबाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मेकॅनिकच्या दृष्टीने तुटलेली तार होती. त्यांच्या दृष्टीने ती बेपत्ता व्यक्ती होती. शेवटचं कुठे पाहिलं, कोणासोबत पाहिलं, अंगावर कपडे कोणते होते, असं काही त्या विचारतील अशी भीती हेमचंद्ररावांना वाटली. श्यामचं म्हणणं पडलं की चावीचं स्विच तरी गेलं असेल, नाही तर डॅशबोर्डमागे तार तुटली असेल. डॅशबोर्ड पूर्ण खोलावा लागेल आणि आज काही ते होणार नाही. तो हत्यारं घेऊन संध्याकाळी येतो म्हणाला आणि गेला.

आज होणार नाही, हे ऐकून हेमचंद्ररावांच्या पोटात खड्डा पडला. पण त्या खड्ड्याच्या तळाशी काहीतरी गुदगुल्या करत होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

तार तुटली, म्हणजे कोणीतरी तोडली, असं रागिणीबाईंनी धरलं. भिंग घेऊन त्या पुढच्या सीटखाली डोकावल्या आणि जरा वेळाने तळहातावर काहीतरी घेऊन बाहेर आल्या. बारीक, काळपट, गोलसर दाणे. "उंदीर," त्या म्हणाल्या. "प्रौढ, नर, आणि पोट बिघडलेला." त्यांनी पुरावा सहायकाच्या हातावर ठेवला आणि तो जपून ठेवण्यासाठी डबी आणायला घरात गेल्या.

हेमचंद्ररावांनी ते दाणे पाहताक्षणी ओळखले. त्या अनारदाना गोळ्या होत्या. त्यांना साखरेचा आजार होता, गोळ्यांवर घरात बंदी होती आणि घरातल्या तपासयंत्रणेपासून सुरक्षित अशी एकच जागा त्यांना सापडली होती : नानांची गाडी. काय करावं हे त्यांना सुचेना. आणि माणसाला काही सुचेनासं झालं की हात सवयीने वागतो.

रागिणीबाई डबी घेऊन बाहेर आल्या तेव्हा पुरावा शिल्लक नव्हता आणि सहायकाचा गाल फुगलेला होता.

व्हरांड्यातल्या खुर्चीवर त्यांनी नवऱ्याला बसवलं, स्वतः समोर उभ्या राहिल्या आणि तपासाची दिशा बदलली.

"गाडीची चावी रात्रभर तुमच्या उशाशी होती. बरोबर?"

"बरोबर."

"गाडी द्यायचं ठरल्यापासून तुम्ही रोज तिच्यावर हात फिरवत होता. बरोबर?"

"धूळ बसते तिच्यावर."

"पुरावा तुम्ही खाल्ला. आणि सकाळी गाडी सुरू झाली नाही, तेव्हा तुम्ही हसलात. मी आरशात पाहिलं आहे."

हा सगळा तपास पहिल्यापासून उलटा चालला होता, हे हेमचंद्ररावांना माहीत होतं. पण उलटी गेलेली गाडीही कधी कधी बरोबर दाराशी येऊन थांबते. सकाळी ते हसले होते. तार त्यांनी तोडली नव्हती, पण तुटल्याचं कळल्यावर त्यांना आधी हायसं वाटलं होतं आणि भावाची आठवण नंतर झाली होती. नाना गेल्यावर या गाडीत बसलं की त्यांना नानांच्या कोटाचा वास येई. तो वास अमरावतीला पाठवायचा त्यांना जिवावर आला होता.

"मी काई केलं नाई," ते शेवटी म्हणाले. "पन बरं वाटलं होतं मले. ते खरं हाय."

"हा कबुलीजबाब समजायचा का?"

"कबुली नाई. नुसता जबाब."

रागिणीबाईंनी भिंग पदराला पुसलं. हा संशयित आपल्याच घरातला आहे आणि खरं बोलतो आहे, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. कारण पुढचं वाक्य त्या वऱ्हाडीत बोलल्या. "मले सांगाचं ना मंग," त्या म्हणाल्या. "मी फोन लावून मोकळी झाली अन् तुमी बसले भात चिवडत."

जेवायची वेळ झाली होती, पण कोणी उठलं नाही. शेवटी हेमचंद्ररावच म्हणाले की गाडी आता चालो न चालो, उद्या बसने जायचं आणि दादाच्या पाया पडायचं. त्याला जे समजायचं ते समजू दे.

ते पाणी प्यायला उठले आणि तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. आधी मैनावहिनी उतरल्या, त्यांच्यामागून टोपी सावरत वामनराव. सकाळचा फोन ठेवला तसे ते बस धरून निघाले होते. फाटकावरची पाटी त्यांनी पूर्ण वाचली, पण काही बोलले नाहीत. अंगणात आले, हार घातलेली गाडी पाहिली. हार उन्हाने मलूल झाला होता.

हेमचंद्ररावांनी वाकून नमस्कार केला. वाकल्या वाकल्या ते सांगायला लागले की श्याम येऊन गेला, करंट मध्येच जातो आहे, डॅशबोर्ड खोलावा लागेल, खोटं नाही. वामनरावांनी हात पुढे केला. हेमचंद्ररावांना वाटलं आशीर्वादासाठी. तो चावीसाठी होता.

वामनराव गाडीत बसले. टोपी काढून शेजारच्या सीटवर ठेवली. डावा हात डॅशबोर्डच्या खाली घालून वर, पार आत कोपरापर्यंत नेला आणि डोळे मिटले, घरातलं माणूस अंधारात दिव्याचं बटण चाचपतं तसे. आत कुठेतरी 'टक' झालं. मग त्यांनी चावी फिरवली.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. धुराचा एक गोळा रस्ता ओलांडून आशाबाईंच्या गच्चीकडे गेला.

"बटन बंद होतं," वामनराव म्हणाले.

कुठलं बटण, हे कोणालाच कळेना. तेव्हा त्यांनी इंजिन चालू ठेवून सांगितलं. गाडी नवी होती त्या काळात, दुपारी नाना झोपले की वामनराव गाडी काढून पसार होत. नानांना ते कळलं. त्यांनी मुलाला रागावण्याऐवजी मिस्त्रीकडून डॅशबोर्डच्या मागे एक चोरबटण बसवून घेतलं. ते बंद केलं की चावी कितीही फिरवा, कॉईलला करंट मिळत नसे. वामनरावांचे बरेच रविवार ते शोधण्यात गेले. सापडल्यावर मात्र त्यांनी नानांना पत्ता लागू दिला नाही. पुढे लग्न झालं, नोकरी अमरावतीला लागली, घरातला चोर गेला म्हणून नानांनी बटण चालू ठेवलं ते ठेवलंच.

"मले कसं नाई सांगितलं नानानं?" हेमचंद्ररावांनी विचारलं.

"तुले काय सांगाचं? तू कधी चोरलीच नाई."

हे प्रमाणपत्र चांगल्या वर्तणुकीचं होतं, पण हेमचंद्ररावांना ते लागलं. आपल्यासाठी वडिलांना साधं एक बटण बसवावंसं वाटू नये, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"म्हणजे प्रश्न आता असा उरतो," रागिणीबाई पुन्हा प्रमाण भाषेत शिरल्या, "की इतकी वर्षं चालू असलेलं बटण बंद केलं कोणी?" त्या येरझाऱ्या घालू लागल्या. बटण इतकं आत आहे, की गुन्हेगाराने मुद्दाम तिथे हात घातला असला पाहिजे. कालपर्यंत गाडी चालू होती, म्हणजे गुन्हा काल पेट्रोल भरून आल्यानंतरचा. डॅशबोर्डच्या खाली आतपर्यंत धुळीचा कण नाही, म्हणजे गुन्हेगाराकडे ओलं फडकं होतं. गुन्हेगार कमालीचा स्वच्छताप्रिय आहे, सुशिक्षित आहे आणि मैनावहिनी कुठेकुठे बोट फिरवून पाहतील याचा त्याला पुरता अंदाज आहे.

इथे त्या थांबल्या. येरझाऱ्याही थांबल्या.

"काल संध्याकाळी," त्या हळूच म्हणाल्या, "गाडी मीच पुसली होती."

वामनरावांनी गंभीरपणे मान हलवली. "चोरानं सोताच सोताले धरलं," ते म्हणाले. "असं मी कुठं पाह्यलं नाई. पाटी खरी हाय तुमची." रागिणीबाईंनी ते शब्दशः घेतलं आणि प्रकरण सुटल्याचं जाहीर केलं.

चहा झाला. मग हेमचंद्ररावांनी तेराव्याला विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला, फक्त या वेळी मांडवाकडे न पाहता. दादा, गाडी तुला कशासाठी हवी होती? वामनरावांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. उत्तर मैनावहिनींनी दिलं.

त्यांचं माहेर बाळापूरचं. दुपारी चोरलेली गाडी तिकडेच जात असे. किल्ल्याच्या बाजूने एक फेरी मारायची, त्यांच्या दारावरून हळू न्यायची, हॉर्न वाजवायचा नाही. असं बरेच रविवार चाललं. पुढे स्थळ म्हणून बोलणी झाली तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं होतं, गाडी कोणाची? हे म्हणाले होते, माझी. "मी त्या गाडीकडं पाहून हो म्हणली भावजी," वहिनी म्हणाल्या. "अन् लग्नानंतर अमरावतीत फिरली सायकलवर."

वामनरावांचे कान लाल झाले. पंचाहत्तरीच्या आदल्या दिवशी माणसाचे कान असे लाल होऊ शकतात, हे हेमचंद्ररावांना ठाऊक नव्हतं.

निघायची वेळ झाली. वामनराव चाक धरून बसले, वहिनी त्यांच्या शेजारी, मागे हेमचंद्रराव आणि रागिणीबाई. नाना गेल्यापासून आपल्याच गाडीत मागे बसायची हेमचंद्ररावांची ती पहिलीच वेळ होती. मागूनही नानांच्या कोटाचा वास तेवढाच येत होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर गाडी मूर्तिजापूर-अमरावतीकडे वळायला हवी होती. ती नेमकी उलट्या बाजूला वळली. रागिणीबाईंनी पुढे वाकून सांगितलं की सूर्याच्या स्थितीवरून आपण पश्चिमेला चाललो आहोत आणि चालकाचा हेतू संशयास्पद आहे. "गप बस थोडी," हेमचंद्रराव म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं, आणि आश्चर्य म्हणजे ते लागू पडलं.

बाळापुरात वहिनींची थोरली बहीण पार्वताबाई अजून त्याच घरात राहत होत्या. ऊन उतरलं होतं आणि त्या दारात पायरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या. गाडी हळूहळू आली आणि दारासमोर थांबली. या वेळी वामनरावांनी हॉर्न वाजवला.

पार्वताबाईंनी सूप बाजूला ठेवलं, कपाळावर हात धरून आधी गाडीकडे पाहिलं, मग चाकामागे बसलेल्या माणसाकडे. बहिणीकडे पाहिलंच नाही.

"काय हो जावईबापू," त्या म्हणाल्या, "अजून वापस नाई केली ज्याची त्याले?"

वहिनींनी मान खाली घातली. वामनरावांचे कान पुन्हा लाल झाले. तेव्हा मागचं दार उघडून हेमचंद्रराव उतरले. त्यांनी पार्वताबाईंना वाकून नमस्कार केला.

"ताई, गाडी दादाचीच हाय," ते म्हणाले. "मधातले काई दिवस मी वापरत होतो."